राजमान्य आणि लोकमान्य

जुन्या मराठी पत्रांच्या माथ्यावर ‘राजमान्य राजेश्री’ हीं दोन विशेषणें लिहिण्याची वहिवाट असे. ज्याच्या नांवें पत्र लिहावयाचें त्याला कोणत्या राजानें केव्हां मान दिला, याची चौकशी कोणी करीत नसे. उधारीच्या तगाद्याचें पत्र असलें तरी ऋणको राजमान्यच असे. पुढें या विशेषणांचा ‘रा. रा.’ एवढाच अवशेष राहिला आणि कालांतरानें तोही गेला. राजमान्यता ही अशी निव्वळ शिष्टाचाराची बाब होऊन बसली असतां, याच भाषेनें ‘लोकमान्य’ हा शब्द मात्र एका पुरुषाच्या नांवाशीं कायमचा जोडून टाकला. त्या पुरुषाला राज्यानें १९०८ सालीं सहा वर्षांची शिक्षा ठोठावून मंडालेच्या तुरुंगांत धाडलें होतें. राज्यानें ज्याला अपराधी ठरविलें त्यालाच लोकांनीं मान्य ठरविलें. एकाचा निवाडा दुसऱ्यानें फिरविला.

परक्या राज्यांत हा विरोध समजण्यासारखा आहे. परंतु राज्यच जेव्हां लोकांचें होतें, तेव्हां राजमान्यता आणि लोकमान्यता या दोन वस्तु एकच होतात काय? कीं लोकांच्या राज्यांतही राज्यानें दिलेल्या मानाचें मोल वेगळेंच राहतें? हा प्रश्न केवळ शब्दांचा खेळ नव्हे. १९५४ सालापासून भारतीय प्रजासत्ताकानें ‘भारतरत्न’ हा आपला सर्वोच्च नागरी सन्मान चालविला आहे. २०२४ अखेरपर्यंत तो ५३ जणांना मिळाला. आणि बहुतेक प्रत्येक वेळीं, अमक्याला कां दिला व तमक्याला कां दिला नाहीं, असा वाद घरोघर झाला. या वादांत घेणाऱ्याच्या पात्रतेचा खल पुष्कळ होतो. सन्मान देणाऱ्याचाही कांहीं धर्म असतो, आणि तो त्यानें पाळला कीं नाहीं, हें मात्र क्वचितच विचारलें जातें. प्रस्तुत लेखांत तेंच विचारावयाचें आहे.

मानासंबंधीं आपल्या परंपरेनें घेणाऱ्याला उपदेश भरपूर केला आहे. मनुस्मृति ब्राह्मणाला सन्मानाचें विषासारखें भय बाळगावयास सांगते. गीता मान आणि अपमान यांना सारखें लेखणाऱ्याची थोरवी वर्णन करते. पण मान देणाऱ्यानें काय पाहावें? ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत असें निरीक्षण नोंदविलें आहे कीं, मान हा घेणाऱ्यापेक्षां देणाऱ्याच्या हातीं अधिक असतो, आणि म्हणूनच तो मनुष्याचें अंतिम श्रेय होऊं शकत नाहीं. हें खरें असेल, तर प्रत्येक सन्मान ही प्रथम देणाऱ्याची परीक्षा ठरते. या परीक्षेची कसोटी आपल्याला दूर शोधावयास नको. गीतेच्या सतराव्या अध्यायांत सात्त्विक दानाचें जें लक्षण सांगितलें आहे, तें येथें बरोबर लागूं पडतें. दान योग्य स्थळीं, योग्य काळीं आणि योग्य पात्रीं व्हावें. आणि ज्याच्याकडून परतफेड व्हावयाची नाहीं अशाला तें द्यावें. आपण पात्राविषयीं भांडतों; काळ आणि परतफेड यांचा विचार करावयाचें राहूनच जातें. भारतरत्नाचा सत्तर वर्षांचा इतिहास या दोन कसोट्यांवर घांसून पाहिला, तर त्या वादांतील पुष्कळसा गोंधळ दूर होईल असें वाटतें.

तत्पूर्वीं एका मूलगामी आक्षेपाचा विचार केला पाहिजे. राज्यानें नागरिकांना असे सन्मान द्यावेतच कशाला? इंग्रजी अमदानींत रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर आणि सर अशी पदव्यांची उतरंड होती. किताब म्हणजे मनुष्याच्या नांवाला बांधलेली दोरी. तिचें दुसरें टोक देणाऱ्याच्या मुठींत असावयाचें. हें ज्यांनीं ओळखलें त्यांनीं ती दोरी तोडली, किंवा बांधूंच दिली नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९१४ सालीं ‘सर’ होण्यास नकार दिला. रवीन्द्रनाथांनीं जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर १९१९ सालीं आपली ‘सर’ ही पदवी सोडून दिली. गांधींनीं असहकाराचा आरंभ करतांना, १९२० सालीं, कैसर-इ-हिंद हें सुवर्णपदक परत केलें. या अनुभवांतूनच स्वतंत्र भारताच्या घटनेचें अठरावें कलम आलें. सैनिकी आणि विद्याविषयक बिरुदें वगळतां राज्यानें कोणासही किताब देऊं नये, असें तें सांगतें.

असें असतां २ जानेवारी १९५४ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या कचेरींतून भारतरत्नाचा जाहीरनामा निघाला. कला, साहित्य व विज्ञान यांच्या उन्नतीसाठीं केलेली असामान्य सेवा आणि अत्युच्च प्रतीची लोकसेवा हे त्याचे निकष होते. सोबत पैसा नाहीं, जहागीर नाहीं. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि एक पदक. मूळ योजनेंतलें पदक वर्तुळाकार व सोन्याचें होतें. पुढें पिंपळाच्या पानाचा आकार ठरला. पण कलम १८ मागल्या दाराआड उभेंच होतें. १९६९ सालीं आचार्य कृपलानी यांनीं हे सारे सन्मान रद्द करण्याचें विधेयक लोकसभेंत आणलें. तें फेटाळलें गेलें. १९७७ च्या जुलैंत मोरारजी देसाई यांच्या सरकारनें ते खरोखरच बंद केले. १९८० च्या जानेवारींत इंदिरा गांधींच्या सरकारनें पुन्हां सुरू केले. अखेर १९९५ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, हे सन्मान म्हणजे घटनेनें वर्ज्य केलेले किताब नव्हेत. मात्र कोणीही ते आपल्या नांवाच्या आगेंमागें लावूं नयेत.

या निवाड्यांतील भेद बारीक आहे, पण खरा आहे. किताब मनुष्याला चिकटतो आणि त्याचा इतरांशीं असलेला संबंध बदलतो. तो एकाला वर चढवितो म्हणजे बाकीच्यांना खालीं उतरवितो. सन्मान कृतीला उद्देशून असतो. समतेला दर्जाचें वावडें आहे, कृतज्ञतेचें नाहीं. ज्या घरांत सर्व भावांचा हक्क सारखा असतो, त्या घरांतही आजारी बापाची सेवा ज्या भावानें केली त्याचें नांव आदरानें घेतात. त्यामुळें वांटणींत त्याला अधिक हिस्सा मिळत नाहीं. कृतज्ञता व्यक्त करण्याची शक्ति ज्या समाजांतून नाहींशी झाली, तो समाज समतेच्या नांवाखालीं केवळ उदासीन झालेला असतो. तेव्हां राज्यानें सन्मान देऊं नये असें म्हणतां येत नाहीं. सन्मान द्यावा, पण तो किताब होऊं देऊं नये. समारंभांच्या निमंत्रणपत्रिकांवर आणि चौकांतल्या फलकांवर ‘भारतरत्न अमुक’ असें सर्रास छापलें जातें, तेव्हां न्यायालयानें मिटविलेला भेद आपण रोज नव्यानें उकरून काढीत असतों. असो.

आतां काळाच्या कसोटीकडे वळूं. १९५४ च्या मूळ जाहीरनाम्यांत दिवंगतांना भारतरत्न देण्याची तरतूदच नव्हती. ती १५ जानेवारी १९५५ च्या दुरुस्तीनें आली. तरीसुद्धां पहिल्या दहा वर्षांत, म्हणजे १९६३ पर्यंत, ज्या तेरा जणांना हा सन्मान मिळाला ते सर्व हयात होते. राजगोपालाचारी, राधाकृष्णन् आणि चंद्रशेखर वेंकट रामन् हे पहिले तिघे. महाराष्ट्रानें या तेरांत दोन पुरुष दिले, आणि सन्मान देणाऱ्याचा धर्म समजून घेण्यास ते दोघे फार उपयोगी आहेत.

धोंडो केशव कर्वे यांना १९५८ सालीं भारतरत्न मिळालें, तेव्हां त्यांच्या वयाचीं शंभर वर्षें पूर्ण होत होतीं. १८९३ सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला म्हणून मुरुडच्या गांवकऱ्यांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं संस्था काढली, ती पुढें हिंगण्यास नेली, आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. बहिष्कारापासून सन्मानापर्यंत ६५ वर्षें गेलीं. राज्य उशीरा आलें हें खरें. पण तें पोचलें तेव्हां कर्वे घरीं होते. ज्या समाजानें आपल्याला वाळींत टाकलें त्याच समाजाच्या प्रतिनिधीनें येऊन हात जोडले, हें पाहावयास तो वृद्ध हयात होता. मला वाटतें, सन्मान या शब्दाचा गाभा यांत आहे. सन्मानाला दोन माणसें लागतात: एक देणारा आणि एक घेणारा. दोघांनीं एकमेकांच्या डोळ्यांला डोळा देऊन उभें राहिलें पाहिजे.

दुसरे पांडुरंग वामन काणे. ते व्यवसायानें वकील. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड १९३० सालीं निघाला आणि पांचवा १९६२ सालीं पुरा झाला. मिळून सहा हजारांहून अधिक पृष्ठें. १९६३ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें. त्यांच्यासाठीं कोठें मोर्चा निघाला नव्हता, कोणत्या विधानसभेनें ठराव केला नव्हता. तीन तपें ग्रंथालयांत घालविणाऱ्या पंडिताच्या मागें मतदारसंघ नसतो. त्या एका सन्मानानें, ज्यांनीं तो ग्रंथ कधीं उघडला नाहीं व उघडणारही नव्हते, अशा लाखों लोकांना कळलें कीं, असें कार्य आपल्या देशांत झालें आहे आणि तें देशाला मोलाचें वाटतें. येथें राज्य लोकांच्या मागें गेलें नाहीं. त्यानें लोकांना कांहीं दाखविलें. सूर्यापुढें दिवा धरण्यांत स्वारस्य नाहीं. दिव्याचें काम अंधाऱ्या कोपऱ्यांत असतें.

जिवंताचा सन्मान करतांना देणाऱ्याला एक धोकाही पत्करावा लागतो. ज्याला आज हार घातला तो उद्यां आपल्याविरुद्ध बोलेल. राजगोपालाचाऱ्यांनीं नेमकें हेंच केलें. भारतरत्न मिळाल्यावर पांच वर्षांनीं, १९५९ सालीं, त्यांनीं स्वतंत्र पक्ष स्थापन केला आणि ज्या काँग्रेस सरकारच्या काळांत तो सन्मान मिळाला त्याच्याच धोरणावर कठोर टीका चालविली. यांत सन्मानाची अप्रतिष्ठा झाली असें कोणी म्हणेल तर तें चूक होय. घेणाऱ्याची जीभ बांधली गेली नाहीं, यावरूनच तो किताब नसून सन्मान होता हें सिद्ध झालें.

परतफेडीच्या कसोटीवर मात्र त्या पहिल्या दहा वर्षांचा हिशेब निर्दोष उतरत नाहीं. १९५५ सालीं पंतप्रधानपदावर असतांना जवाहरलाल नेहरूंना भारतरत्न मिळालें. १९५७ सालीं गोविंद वल्लभ पंत केंद्राचे गृहमंत्री होते. १९६१ सालीं बिधनचंद्र रॉय बंगालचे मुख्यमंत्री होते. आणि पुढें १९७१ सालीं इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या. या व्यक्तींच्या योग्यतेविषयीं येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. परंतु ज्या सन्मानाची शिफारस पंतप्रधानानें राष्ट्रपतीकडे करावयाची, तो त्याच पंतप्रधानाला किंवा त्याच्या सहकाऱ्याला मिळावा, हें यजमानानें आपल्याच पानांत पहिलें पक्वान्न वाढून घेण्यासारखें दिसतें. पक्वान्नावर त्याचा हक्क असेलही. पण पंगतीला तें शोभत नाहीं.

१९६६ सालीं लालबहादूर शास्त्री ताश्कंदांत अकस्मात् निवर्तले आणि त्याच वर्षीं त्यांना पहिलें मरणोत्तर भारतरत्न दिलें गेलें. युद्धांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाचा तो शोक होता. त्याला नांवें ठेवण्याचें कोणी मनांत आणणार नाहीं. १९७६ सालीं कामराज, १९८३ सालीं विनोबा, १९८८ सालीं रामचंद्रन् यांना सन्मान मिळाला, तोही त्यांच्या निधनानंतर वर्ष दोन वर्षांच्या आंत. चितेची राख अजून निवावयाची होती. १९९० पासून मात्र निराळें प्रकरण सुरू झालें. त्या वर्षीं आंबेडकर, निधनानंतर ३४ वर्षांनीं. १९९१ सालीं वल्लभभाई पटेल, ४१ वर्षांनीं. १९९२ सालीं मौलाना आझाद, ३४ वर्षांनीं. १९९९ सालीं जयप्रकाश, २० वर्षांनीं. २०१५ सालीं मदनमोहन मालवीय, ६९ वर्षांनीं. मालवीय १९४६ सालीं वारले, तेव्हां हा सन्मान नव्हता आणि तो देणारें प्रजासत्ताकही नव्हतें. २०२४ अखेरच्या ५३ मानकऱ्यांत १८ मरणोत्तर आहेत. पण २०१५ ते २०२४ या काळांतील दहांपैकीं सात. २०२४ या एका वर्षांत पांच जणांना भारतरत्न जाहीर झालें आणि त्यांतले चौघे दिवंगत होते. वर्षाला तीनांहून अधिक सन्मान देऊं नयेत असा दंडक असतां १९९९ सालीं चार व २०२४ सालीं पांच दिले गेले. थोडक्यांत, जो सन्मान जिवंतांचा सत्कार म्हणून जन्मास आला, तो हळूहळू पूर्वजांच्या यादीकडे वळला आहे.

यावर एक वजनदार उत्तर देतां येतें. मरणोत्तर सन्मान हाच शुद्ध सन्मान नव्हे काय? मृताला लोभ नाहीं, त्याला विकत घेतां येत नाहीं, तो परतफेड करूं शकत नाहीं. म्हणजे गीतेची कसोटी येथेंच पुरी उतरते. शिवाय मनुष्याचा हिशेब मृत्यूनंतरच मिटतो. हेरोडोटसनें सांगितलेल्या कथेंत सोलोन हा क्रीससाला हेंच बजावतो कीं, अंत पाहिल्यावांचून कोणालाही सुखी म्हणूं नये. मग अंत पाहिल्यावांचून थोर तरी कसें म्हणावें?

दुसऱ्या मुद्द्याचें उत्तर आधीं देतों. हें धोरण सावकाराला शोभतें, कृतज्ञाला नव्हे. सन्मान म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. घडलेल्या कृतीबद्दलची ती पोंच आहे. ज्यानें विहीर खणली त्याचें पाणी आपण आज पितों. तो उद्यां चुकेल या भीतीनें आज त्याचे आभार मानूं नयेत, हा न्याय कसला? तो चुकला तरी विहीर आटत नाहीं. आणि पहिल्या मुद्द्याविषयीं म्हणावयाचें तर, मृत मनुष्य परतफेड करीत नाहीं हें खरें, पण मृताच्या नांवानें परतफेड करणारे जिवंत असतात. दिवंगत नेत्यामागें प्रांत असतो, जात असते, पक्ष असतो, अनुयायी असतात. त्या सर्वांना एका पदकानें खूष करतां येतें. आणि जो स्वतः उठून ‘माझ्या नांवावर हा व्यवहार करूं नका’ असें म्हणाला असता, तो तर बोलूंच शकत नाहीं. कोणत्या वेळीं कोणाचा हेतु काय होता, याचा निकाल देण्याचें येथें कारण नाहीं. निरनिराळ्या पक्षांच्या सरकारांवर हा संशय घेतला गेला आहे, एवढें पुरे. ज्या रीतींत असा संशय दर वेळीं उभा राहतो, ती रीतच तपासली पाहिजे.

मृत मनुष्य नाहीं म्हणूं शकत नाहीं, हा माझ्या मतें मुख्य मुद्दा आहे. गोखल्यांचा नकार, रवीन्द्रनाथांचा त्याग, गांधींनीं परत केलेलें पदक, हीं आपल्या सार्वजनिक जीवनांतील उज्ज्वल स्थळें आहेत. कारण तेथें घेणाऱ्यानें आपलें स्वातंत्र्य दाखविलें. ज्याला नाकारतां येतो तोच सन्मान. जो नाकारतां येत नाहीं तो शिक्का. १९९२ सालीं सुभाषचंद्र बोस यांना भारतरत्न जाहीर झालें. जाहीरनाम्यांत ‘मरणोत्तर’ हा शब्द होता, आणि त्या शब्दावरच सारें अडलें. त्यांच्या मृत्यूचा प्रश्न अनेकांच्या लेखीं सुटलेला नव्हता. कुटुंबीयांनींही सन्मान स्वीकारला नाहीं. अखेर १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती घोषणा रद्द झालेली समजावी असें ठरविलें. सुभाषबाबूंच्या कीर्तींत यामुळें तिळाएवढी उणीव आली नाहीं. उणीव दिसली ती राज्याच्या हातांत: पदक पुढें केलेलें आणि घ्यावयास कोणी नाहीं.

मग मरणोत्तर सन्मान सर्वस्वीं वर्ज्य मानावा काय? आंबेडकरांचें उदाहरण समोर असतां तसें म्हणण्याचें धैर्य मला होत नाहीं. १९५४ च्या जानेवारींत भारतरत्न स्थापन झालें; आंबेडकर १९५६ च्या ६ डिसेंबरपर्यंत हयात होते. या जवळजवळ तीन वर्षांत सहा जणांना तो सन्मान मिळाला, आणि घटनेच्या मसुदा-समितीचा अध्यक्ष त्या सहांत नव्हता. ज्या घटनेच्या अधिकारानें राष्ट्रपति सनदेवर सही करीत होते, ती घटना आकारास आणणारा पुरुष त्याच दिल्लींत राहत होता. लोकांनीं त्याला ‘बाबासाहेब’ केव्हांच म्हटलें होतें. म्हणून १९९० सालीं दिलेला सन्मान हा आंबेडकरांचा गौरव नव्हता; त्यांचा गौरव राज्याच्या हातून व्हावयाचा राहूनच गेला होता. ती राज्यानें दिलेली आपल्या चुकीची कबुली होती. ज्यांना शतकानुशतकें गांवाबाहेर ठेवलें गेलें त्यांना या कबुलीचें मोल किती वाटलें असेल, तें बाहेरच्यानें तराजूंत घालून पाहूं नये.

आपल्या संस्कृतींत सत्कार आणि श्राद्ध हे दोन विधि वेगळे ठेवले आहेत, त्यांत फार मोठें शहाणपण आहे. दारीं आलेल्याचा सत्कार करावयाचा. गेलेल्याचें श्राद्ध करावयाचें. श्राद्धांत आपण पितरांना पदवी देत नाहीं, पिंड देतों. त्यांना वर चढवावें अशी आपली योग्यताच नसते. आपण त्यांचे ऋणी आहों एवढेंच त्या विधींत कबूल केलेलें असतें. मरणोत्तर भारतरत्न हें या अर्थानें श्राद्ध असेल, म्हणजे राज्य आपलेंच न फेडलेलें ऋण मान्य करीत असेल, तर तें समर्थनीय आहे. पण जेथें राज्याचें असें कांहीं देणें थकलेलें नाहीं, जेथें मागल्या पिढीच्या थोरवीवर नव्या सत्ताधाऱ्यानें आपला शिक्का उमटवावयाचा आहे, तेथें तें ऋणमोचन नसून वारसाहक्काचा दावा होतो.

हाच विवेक जोतीराव फुल्यांच्या बाबतींत करावा लागतो. त्यांना आणि सावित्रीबाईंना भारतरत्न द्यावें अशी मागणी महाराष्ट्रांत वारंवार होते. तिच्यामागची भावना प्रांजळ आहे, आणि तिच्यांत उपेक्षेचें खरें दुःख आहे. परंतु फुल्यांना १८८८ सालीं मुंबईंत, ते हयात असतांना, लोकांनीं भरसभेंत ‘महात्मा’ म्हटलें. त्या पदवीला कोणाची शिफारस लागली नाहीं आणि कोणतेंही सरकार ती काढून घेऊं शकलें नाहीं. तिच्यावर राज्याची मोहोर आतां उठविली तर पदवी मोठी होणार कीं मोहोर? गांधींना भारतरत्न द्यावें अशी विनंती सर्वोच्च न्यायालयापुढें आली, तेव्हां २०२० सालीं न्यायालयानें ती मान्य केली नाहीं. ते अशा औपचारिक सन्मानाच्या पलीकडचे आहेत, असाच त्याचा आशय होता. फुल्यांचें ऋण फेडावयाचें तर तें शाळांत फेडावें. मुलींच्या शिक्षणाचा जो संसार त्या दांपत्यानें १८४८ सालीं पुण्यांत मांडला, तो गरिबांच्या घरापर्यंत नेणें हेंच त्यांचें श्राद्ध होय.

येथवरच्या विवेचनावरून कोणी असें समजूं नये कीं, मानकरी हयात असला म्हणजे सारें साधलें. २०११ च्या डिसेंबरांत निकष व्यापक करून मानवी प्रयत्नाचें कोणतेंही क्षेत्र त्यांत घेतलें गेलें, आणि २०१४ सालीं सचिन तेंडुलकर हे पहिले खेळाडू भारतरत्न झाले. त्यांच्या कौशल्याविषयीं दुमत नाहीं. पण कोट्यवधि लोकांनीं ज्याला आधींच डोक्यावर घेतलें आहे त्याला राज्यानें पुन्हां उचलून घेतल्यानें लोकांच्या ज्ञानांत काय भर पडली? त्याच वर्षींचे दुसरे मानकरी, रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव, यांचें कार्य काय आहे हें त्या निमित्तानें किती घरांत विचारलें गेलें, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा.

याउलट १९८७ चें उदाहरण मला फार उंच वाटतें. त्या वर्षीं खान अब्दुल गफारखान यांना भारतरत्न मिळालें. ते पाकिस्तानचे नागरिक, वय नव्वदीच्या पुढें, आणि स्वतःच्या देशांतही वर्षानुवर्षें तुरुंग भोगलेले. फाळणी मान्य करतांना काँग्रेसनें आपल्याला वाऱ्यावर सोडलें, ही व्यथा त्यांनीं बोलून दाखविली होती. त्यांच्यामागें भारतांत मतें नव्हतीं; त्यांच्या सत्कारानें शेजारचें राज्य प्रसन्न होणार नव्हतें. परतफेड शून्य, ऋण खरें, आणि काळ अगदीं शेवटचा: पुढल्याच वर्षाच्या जानेवारींत ते निवर्तले. तरी ऋणको धनकोच्या दारीं वेळेवर पोचला. आणि १९९१ सालीं मोरारजी देसायांना सन्मान दिला गेला, तेव्हां हे सन्मान ज्यानें बंद केले होते त्यालाच राज्यानें हार घातला. या विसंगतीला पुष्कळ जण हंसले. मला तींत राज्याच्या बाजूनें तरी औदार्य दिसतें. आपल्याच नियमाच्या विरोधकाचा त्याच्या हयातींत आदर करण्यास मन मोठें लागतें.

मग व्यवहारांत काय करावें? दोन गोष्टी सहज करण्यासारख्या आहेत. सत्तेच्या पदावर असलेल्याला तो पदावर असेतों हा सन्मान देऊं नये. आणि १९५४ च्या मूळ मजकुराकडे परत जाऊन तो जिवंतांपुरता ठेवावा. निधनानंतर एखाद्या ठराविक अल्प मुदतींत देण्याची सवलत फार तर असावी. जुनीं ऋणें राज्यानें अवश्य मान्य करावींत, पण पदकानें नव्हे; संसदेच्या ठरावानें, ‘आम्ही चुकलों’ अशा स्पष्ट शब्दांनीं, आणि त्या पुरुषाचें अपुरें कार्य पुढें चालवून. असें केल्यानें यादी लहान होईल आणि कांहीं वर्षें रिकामीं जातील. त्यांत कांहीं बिघडत नाहीं. सर्वोच्च सन्मान दर वर्षीं द्यावयाचा नसतोच.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. लोकांचें राज्य आलें तरी राजमान्यता आणि लोकमान्यता एक होत नाहींत, आणि होऊंही नयेत. लोकमान्यता मरणानंतर वाढूं शकते. ती पिढ्यान्पिढ्या मुरते, आणि तिला कोणाची सही लागत नाहीं. राजमान्यतेची तशी गोष्ट नाहीं. राज्याजवळ देण्यासारखी एकच वस्तु आहे, आणि ती म्हणजे वेळेवर केलेली ओळख. ज्या विद्वानाला, सेवकाला, कलावंताला अजून लोक नीट ओळखत नाहींत, त्याच्या दारीं तो जिवंत असतांना जाणें, हें काम राज्य करूं शकतें आणि बहुधा राज्यच करूं शकतें. तें टाळून तें जर थोरांच्या समाध्यांवर सनदा वाहूं लागलें, तर त्याची मान्यता पुन्हां ‘रा. रा.’ या दोन अक्षरांच्या पंक्तीला जाऊन बसेल. आज देशाच्या कोणत्या तरी गांवीं, कोणत्या तरी अपुऱ्या उजेडाच्या खोलींत, काण्यांसारखा कोणी आपला पांचवा खंड लिहीत असेल. त्याच्याकडे जावयास अजून वेळ आहे.